मावळचा पाऊस आणि फुटबॉलचा पोशाख

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने ‘शाळेची क्रीडापरंपरा’ हा विषय आमच्याकडे सोपविला, तेव्हा पारितोषिकांची यादी आणि चार छायाचित्रे यांवर लेख उरकेल, असे आम्हांस वाटले होते. परंतु त्या निमित्ताने क्रीडासाहित्याच्या खोलीतील जुनी पत्र्याची पेटी उघडली आणि विषयच बदलला. पेटीच्या तळाशी एक चामडी फुटबॉल होता. त्याची वादी निघालेली, कातडे वाळून खडखडीत झालेले. त्याच्या शेजारी बुटांचे तीन जोड होते. त्यांपैकी एकाही जोडाचे दोन्ही बूट एकाच मापाचे नव्हते. माजी विद्यार्थ्यांना हे बूट आठवत असतील. पूर्वार्धात एकाने घालायचे, मध्यंतरात काढून दुसऱ्याला द्यायचे, आणि माप मोठे पडले तर पुढच्या टोकात चिंधी कोंबायची, अशी आपली रीत होती. पायाला बूट बसला नाही म्हणून चांगला खेळाडू रेषेबाहेर उभा राहिलेला आम्ही पाहिला आहे, आणि खेळ साधारण असूनही बूट बसतो म्हणून संघात घेतला गेलेलाही पाहिला आहे. म्हणून या लेखात चषकांऐवजी साहित्याविषयी लिहावयाचे ठरविले आहे. चेंडू, बूट, सदरा आणि हाफपँट या वस्तू कशा बदलत आल्या, पुढे कशा बदलू शकतील, आणि त्या बदलांपैकी आपल्या मुलामुलींच्या उपयोगाचे काय, एवढाच या लिखाणाचा आवाका आहे.

आरंभी पाऊस. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पुणे शहरात पडतो तो त्याच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याएवढा. जिल्हा एकच, स्पर्धाही त्याच. १९६० पासून चालत आलेल्या सुब्रतो चषकासह शालेय फुटबॉलचा हंगाम बव्हंशी पावसाळ्यातच येतो. म्हणजे ज्या काळात मावळात दोरीवरचा कपडा चार-चार दिवस वाळत नाही, नेमक्या त्याच काळात आपली मुले मैदानावर असतात. दुकानदार जे साहित्य दाखवितो ते कोरड्या गवताचा विचार करून केलेले असते. आपल्याकडे उन्हाळ्यात उघडा मुरूम आणि पावसाळ्यात घोट्याएवढा चिखल. गवत छायाचित्रापुरते.

चेंडूचा इतिहास या पाण्याशीच झुंजण्याचा इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपात डुकराच्या मूत्राशयात हवा भरून त्यावर कातडे शिवीत. चार्ल्स गुडइयर यांना व्हल्कनीकरण केलेल्या रबराचे अमेरिकी पेटंट १८४४ मध्ये मिळाले, आणि पुढे चेंडूच्या आत रबरी ब्लॅडर आला. बाहेरचे आवरण मात्र पुढची शंभराहून अधिक वर्षे चामड्याचेच राहिले. चामडे म्हणजे तंतूंचे घट्ट जाळे. ते पाणी पिते. वरून चरबी किंवा मेण चोळले तरी टाक्यांच्या भोकांतून पाणी आत जातेच. आम्ही पेटीतला तो चेंडू भोजनगृहाच्या काट्यावर ठेवला, मग अर्धा तास बादलीत बुडवून पुन्हा ठेवला. काटा कुणाच्याही लक्षात यावा इतका पुढे सरकला. हाच चेंडू आम्ही लहानपणी डोक्याने मारीत असू, आणि वादीची गाठ कपाळावर उमटली की तिचा अभिमान वाटे.

त्या अभिमानाबद्दल आज थोडे सांगितले पाहिजे. इंग्लंडचा खेळाडू जेफ अॅस्टल २००२ मध्ये एकोणसाठाव्या वर्षी वारला, तेव्हा मृत्युचौकशीत त्याचा मेंदूविकार ‘व्यवसायजन्य’ ठरविण्यात आला. डोक्याने वारंवार चेंडू मारण्याचा हा परिणाम होता. २०१९ मध्ये ग्लासगो येथील संशोधकांनी स्कॉटलंडच्या माजी व्यावसायिक खेळाडूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात मेंदू झिजविणाऱ्या विकारांनी होणारे मृत्यू सामान्य लोकांपेक्षा सुमारे साडेतीन पट आढळले. २०२० पासून इंग्लंडमध्ये अकरा वर्षांखालील मुलांच्या सरावात डोक्याने चेंडू मारणे शिकविले जात नाही. नवा चेंडू पाणी पीत नाही म्हणून तो निर्धोक झाला, असे पालकांनी मानू नये. तो हलका राहतो, पण वेगानेही येतो.

चामड्याचा उल्लेख निघाला की आपल्या समाजाच्या वाचकाला आणखी एक गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही, आणि इतिहासाचे शिक्षक म्हणून आम्हांसही ती टाळता येत नाही. जनावराचे कातडे कमावणारा आणि शिवणारा अस्पृश्य, परंतु त्याच कातड्याचा चेंडू मात्र सर्वांना स्पृश्य! पुण्याच्या जिमखान्यावर गोऱ्या साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करणारे पळवणकर बाळू चर्मकार समाजातील होते. पुढे ते हिंदू संघातून खेळले, १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. परंतु पुण्यात सामन्याच्या मध्यंतरात त्यांचा चहा तंबूबाहेर, वेगळ्या मातीच्या पेल्यात दिला जाई. त्यांच्या बोटांनी फिरविलेला चामडी चेंडू सोबत्यांच्या हाती जाण्यास मात्र कुणाची हरकत नव्हती.

फुटबॉल शिवणारे हात कुठले, हेही पाहण्यासारखे आहे. फाळणीपूर्वी या उद्योगाचे मोठे केंद्र सियालकोट होते. १९४७ नंतर तेथील अनेक कारागीर आणि व्यापारी जालंधरला आले, काही मेरठला गेले, आणि भारतातील चेंडू तेथे शिवला जाऊ लागला. बत्तीस तुकड्यांचा एक चेंडू हाताने शिवावयास सहाशे-सातशे टाके पडतात. हे काम कारखान्यापेक्षा घरांतून, दर नगावर चाले. त्यात दलित वस्त्यांतील स्त्रिया मोठ्या संख्येने असत, आणि मुलेही असत. सियालकोटमधील बालमजुरीविषयी जगभर ओरड झाली आणि १९९७ मध्ये ती थांबविण्याचा करार अटलांटा येथे झाला. बाबासाहेब ऑक्टोबर १९५१ मध्ये जालंधरला गेले होते, ते तेथील बूटा मंडी या चामड्याच्या व्यापाराच्या वस्तीत. चेंडूवर कंपनीचे नाव असते, शिवणारीचे नसते.

आता रचनेकडे वळू. १९३० च्या पहिल्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात चेंडू कुणाचा यावरच भांडण झाले. शेवटी पूर्वार्ध अर्जेंटिनाच्या चेंडूने आणि उत्तरार्ध उरुग्वेच्या चेंडूने खेळला गेला. पूर्वार्धात अर्जेंटिना २–१ ने पुढे होता, सामना उरुग्वेने ४–२ ने जिंकला. १९७० मध्ये वीस षटकोनी पांढरे आणि बारा पंचकोनी काळे तुकडे असलेला ‘टेलस्टार’ आला. कृष्णधवल दूरचित्रवाणीवर चेंडू नीट दिसावा, हा त्या रंगसंगतीचा हेतू. आजही आपली मुले फुटबॉलचे चित्र काढतात ते त्याचेच. १९८६ मध्ये विश्वचषकात प्रथमच पूर्ण कृत्रिम आवरणाचा चेंडू वापरला गेला. २००६ पासून तुकडे टाक्यांऐवजी उष्णतेने चिकटविले जाऊ लागले. भोके गेली, पाणीही अडले. तुकड्यांची संख्याही काही चेंडूंत घटली. २०१० मध्ये आठ, २०१४ मध्ये सहा, आणि २०२६ च्या चेंडूत तर अवघे चार.

यात एक गंमत झाली. २०१० चा ‘जाबुलानी’ इतका गुळगुळीत होता की तो हवेत मध्येच वाकडा होई, आणि गोलरक्षकांनी त्याच्या नावाने शंख केला. चेंडूच्या पृष्ठभागावरील सांध्यांमुळे त्याला चिकटून वाहणारा हवेचा थर घुसळला जातो. असा थर चेंडूला अधिक काळ बिलगून राहतो आणि त्याचा मार्ग स्थिर राहतो. सांधे कमी आणि अंग गुळगुळीत झाले की थर केव्हा सुटेल याचा भरवसा राहत नाही. म्हणून त्यानंतरच्या चेंडूंवर मुद्दाम बारीक खडबडीतपणा आणि खोल सांधे ठेवण्यात आले. म्हणजे शिवणकाम करणाऱ्या बायांच्या टाक्यांनी जे आपोआप साधत होते, ते प्रयोगशाळेत पुन्हा शोधावे लागले.

२०२२ च्या चेंडूत मधोमध एक संवेदक टांगलेला होता. तो सेकंदाला पाचशे वेळा चेंडूची हालचाल कळवी आणि ऑफसाइड ठरविण्यास मदत करी. अशा चेंडूला चार्जिंग लागते. जून ते सप्टेंबर ज्या भागात वीज कधी जाईल याचा नेम नाही, तेथे हा चेंडू काही काळ दुकानातच राहिलेला बरा. आपल्यासाठी महत्त्वाची सुधारणा पाण्याचीच. फिफाच्या तपासणीत चेंडू पाण्यात अडीचशे वेळा दाबून फिरविला जातो, आणि वरच्या प्रतीच्या चेंडूचे वजन त्यामुळे दहा टक्क्यांहून अधिक वाढलेले चालत नाही. घेताना दोन गोष्टी विचाराव्यात. आवरण पीव्हीसीचे की पीयूचे? पीयू महाग, पण मऊ आणि टिकाऊ. ब्लॅडर लॅटेक्सचा की ब्युटिलचा? लॅटेक्सचा उसळी चांगली घेतो, पण त्याची हवा लवकर उतरते. ब्युटिलचा हवा धरून ठेवतो. पंपाची पिन हरविणे हा वसतिगृहाचा स्थायीभाव असल्यामुळे आम्ही ब्युटिलच्या बाजूचे आहोत.

बुटांचा प्रश्न अधिक नाजूक आहे. २९ जुलै १९११ रोजी मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला हरवून आयएफए शील्ड जिंकली, तेव्हा त्यांचे एक सोडून सर्व खेळाडू अनवाणी होते. ३१ जुलै १९४८ रोजी लंडन ऑलिंपिकमध्ये भारताने फ्रान्सला झुंजविले आणि १–२ असा निसटता पराभव पत्करला. त्याही संघातील बहुतेक अनवाणी होते. यावरून एक दंतकथा तयार झाली. अनवाणी खेळण्यास परवानगी नाकारली म्हणून भारत १९५० च्या विश्वचषकाला गेला नाही, असे आजही शिकविले जाते. ती कथा ऐकावयास गोड आहे, परंतु इतिहास म्हणून ती कच्ची. लांबचा प्रवास, सरावाला अपुरा वेळ, आणि विश्वचषकापेक्षा ऑलिंपिकला मोठे मानणारे पदाधिकारी, ही कारणे अधिक वजनाची होती. १९५२ मध्ये हेलसिंकीच्या थंडीत युगोस्लाव्हियाने भारताला १०–१ असे हरविले. त्यानंतर महासंघाने बूट सक्तीचे केले. १९५६ मध्ये मेलबर्नला हाच देश बूट घालून उतरला, मुंबईकडून खेळणाऱ्या नेव्हिल डिसूझा यांनी ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले आणि भारत चौथा आला. अनवाणीपणाचे गौरवीकरण करणाऱ्यांनी हे दोन निकाल शेजारी ठेवून पाहावेत. ज्यांच्या पायांत पिढ्यान्पिढ्या वहाण नव्हती, त्यांनी तरी त्या गौरवाला भुलू नये.

पावसात बूट काय करू शकतो याचे सर्वांत गाजलेले उदाहरण ४ जुलै १९५४ चे. स्वित्झर्लंडमधील बर्न येथे विश्वचषकाचा अंतिम सामना पावसात झाला. पश्चिम जर्मनीला साखळीत ८–३ ने लोळविणारा हंगेरीचा संघ समोर होता, आणि पहिल्या आठ मिनिटांतच तो २–० ने पुढे गेला. जर्मन संघाचे बूट आडी डासलर यांनी केलेले होते. त्यांचे स्टड पेचाने काढता-घालता येत. चिखल वाढला तसे लांब स्टड लावले गेले. जर्मनी ३–२ ने जिंकला. निव्वळ स्टडमुळे जिंकला असे म्हणणे खेळाडूंवर अन्याय होईल. परंतु मैदान बदलले की तळवा बदलला पाहिजे, ही कल्पना तेथून रूढ झाली.

आपल्याकडे नेमकी हीच चूक होते. मुलाला एकच जोड मिळतो, तो लांब स्टडचा, आणि तो जानेवारीत कडक मुरमावरही घातला जातो. लांब स्टड कडक जमिनीत रुतत नाही, टाचेवर दाब येतो. रुतला तर पाय अडकतो आणि गुडघा पिळवटतो. मुरमासाठी तळव्यावर अनेक बारीक रबरी उंचवटे असलेला जोड हवा, चिखलासाठी थोडे आणि लांब स्टड. पुढच्या काळात एकाच बुटाचा तळवा बदलता आला किंवा वाढत्या पायाबरोबर एक-दोन मापे मोठा करता आला, तर त्याचा सर्वाधिक लाभ आपल्यासारख्या शाळांना होईल. मोठ्या कंपन्या मात्र बुटाचे वजन वीस ग्रॅमने कसे घटेल यात गुंतलेल्या आहेत. मुलींच्या पायाची ठेवण निराळी असूनही त्यांना इतकी वर्षे पुरुषांचेच बूट लहान मापात विकले गेले. मुलींमध्ये गुडघ्याच्या अस्थिबंधाची दुखापत मुलांपेक्षा अधिक आढळते, आणि त्यात बुटाचा वाटा किती याचा अभ्यास चालू आहे. खास स्त्रियांच्या पायाचा विचार करून केलेले बूट मोठ्या कंपन्यांनी गेल्या काही वर्षांत कुठे बाजारात आणले. शिनगार्डबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. ते नियमाने सक्तीचे आहेत, स्वस्त आहेत, आणि पुठ्ठा त्यांची जागा घेऊ शकत नाही.

नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी भर पावसात झोपडपट्टीतील मुलांना फुटकी बादली लाथाडताना पाहिले, आणि २००१ मध्ये झोपडपट्टी फुटबॉलची सुरुवात केली. नागराज मंजुळे यांच्या ‘झुंड’मुळे ती कथा घराघरांत पोहोचली. त्यांनी प्रथम चेंडू दिला, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषकाच्या निमित्ताने राज्यातील शाळांना फुटबॉल वाटले गेले. कोल्हापूरचा अनिकेत जाधव त्या स्पर्धेत भारताकडून खेळला. पेठापेठांच्या तालमींनी फुटबॉल जोपासलेल्या शहरातून असा खेळाडू येतो, यात नवल नाही. वाटलेल्या चेंडूंपैकी किती चेंडू पुढच्या पावसाळ्यापर्यंत टिकले, हे ज्याने त्याने आपल्या शाळेत पाहावे.

सदऱ्याकडे येऊ. पूर्वीचा सदरा सुती. आमच्या पिढीने तोच घातला. कापूस हवेतूनच आपल्या वजनाच्या आठ-साडेआठ टक्के ओलावा घेतो, पॉलिएस्टर अर्ध्या टक्क्याहूनही कमी. पॉलिएस्टरचा धागा स्वतः पाणी पीत नाही. धाग्यांमधील बारीक फटींतून घाम बाहेरच्या बाजूस सरकतो आणि तेथून उडून जातो. जाहिरातीतले ‘ड्राय’ ते हेच. परंतु घाम उडून जाण्यास हवा कोरडी लागते, आणि जुलैत लोणावळ्याची हवा स्वतःच भिजलेली असते. म्हणून ती जाहिरात आपल्याकडे निम्मीच खरी. उरलेल्या निम्म्यासाठी मात्र पॉलिएस्टर घ्यावे: ते पिळले की पाणी सोडते, आणि रात्रभरात पंख्याखाली वाळते. ओला सुती कपडा अंगावर राहून होणाऱ्या गजकर्णाने वसतिगृह किती हैराण असे, हे माजी विद्यार्थ्यांना सांगावयास नको. कापड घेताना दर चौरस मीटरचे वजन, ज्याला व्यापारी जीएसएम म्हणतात, ते विचारावे. एकशे चाळीसच्या आसपासचे, सैल विणीचे कापड आम्हांस योग्य वाटले.

रंग आणि क्रमांक आता सब्लिमेशन पद्धतीने छापतात. कागदावर छापलेली शाई सुमारे दोनशे अंश तापमानाला वायुरूप होऊन पॉलिएस्टरच्या धाग्यात शिरते. त्यामुळे तिला तडे जात नाहीत आणि सदरा जड होत नाही. सुतावर हे साधत नाही. पूर्वी चिकटविलेला रबरी क्रमांक दोन धुण्यांत सोलून निघे आणि आठ नंबरचा खेळाडू तीन नंबरचा होई.

दोन उणिवाही सांगतो. पॉलिएस्टरला घामाचा वास धरून राहतो. आणि प्रत्येक धुण्यात त्याचे सूक्ष्म तंतू सुटतात. आपले सांडपाणी शेवटी इंद्रायणीतच जाते. २०१० च्या विश्वचषकात काही संघांचे सदरे टाकाऊ प्लास्टिकच्या बाटल्यांपासून केले होते, एका सदऱ्याला आठपर्यंत बाटल्या. पावसाळ्यातील एका रविवारी भुशी धरणावर पर्यटक जेवढ्या बाटल्या टाकून जातात, त्यांत तालुक्यातील सर्व शाळांचे संघ सजतील! परंतु बाटलीचा सदरा झाला तरी तंतू सुटावयाचे थांबत नाहीत, हे त्या जाहिरातीत नसते.

शेवटी हाफपँट. यात चूक आमचीच झाली. मुलींचा संघ प्रथम उभा केला, तेव्हा छायाचित्रात शोभून दिसेल म्हणून आम्ही पांढरी हाफपँट निवडली. संघातील एक उत्तम खेळाडू दर महिन्याला दोन-तीन दिवस पोटदुखीचे कारण सांगून सराव चुकवी. आम्ही तिला आळशी ठरविले, एकदा सर्वांसमोर बोललोही. वर्षभराने गृहपाल ताईंनी आम्हांस बाजूला घेऊन खरे कारण सांगितले. पाळीच्या दिवसांत पांढऱ्या कपड्यावर डाग दिसेल, या भीतीने ती मैदानावर येत नव्हती. त्या आठवड्यात गडद निळे कापड आणले. पुढे २०२३ मध्ये इंग्लंडच्या महिला संघाने याच कारणासाठी पांढऱ्याऐवजी निळी हाफपँट स्वीकारल्याचे वाचले, तेव्हा आम्हांस समाधानापेक्षा संकोच अधिक वाटला. कारण ती मुलगी तोवर खेळ सोडून गेली होती.

पोशाखाचा नियम माणसाला मैदानाबाहेर ठेवू शकतो, याचे दुसरे उदाहरण हिजाबचे. २००७ पासून फिफाने डोके झाकून खेळण्यास मनाई केली होती, त्यामुळे २०११ मध्ये इराणच्या महिला संघाला ऑलिंपिक पात्रता सामना खेळता आला नाही. सुरक्षित बांधणीचे डोक्याचे वस्त्र तयार झाले, आणि २०१४ मध्ये मनाई उठली. आपल्या इतिहासात डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना लुगडे कसे नेसावे, कोणते दागिने टाकून द्यावेत, कपडा फाटका असला तरी स्वच्छ असावा, हे मुद्दाम सांगितले होते. कोणत्या जातीच्या बाईने काय आणि कसे नेसावे हे दुसरे कुणी ठरवीत होते, म्हणून ते सांगणे आवश्यक होते. मुलींचा पोशाख ठरविताना आता आम्ही मुलींनाच बसवितो. त्यांनी गडद रंग, आत जोडलेली घट्ट चड्डी आणि एक छोटा चेनचा खिसा मागितला. खिसा कशासाठी, हे आम्ही विचारले नाही.

या पावसाळ्यासाठी ठरले ते असे: चिकटविलेल्या सांध्यांचे, ब्युटिल ब्लॅडरचे चेंडू, मुलामुलींना गडद निळी हाफपँट, सब्लिमेशनचे सदरे प्रत्येकी दोन, एक वाळत असताना दुसरा घालता यावा म्हणून, आणि क्रीडासाहित्याच्या खोलीत बुटांची पेढी, जिथे पाय वाढला की जोड परत करून मोठा न्यावयाचा. ज्या माजी विद्यार्थ्यांच्या मुलांचे बूट लहान झाले असतील, त्यांनी ते धुऊन, आत वर्तमानपत्र कोंबून, वाद्यांसह पाठवावेत. मापाचा आकडा बुटाच्या जिभेवर शाईने लिहावा. आमच्याकडे सध्या चार आणि पाच नंबरचे जोड सर्वांत कमी आहेत.